पैसे गंधमुक्तीनंतर : खान्देशातल्या एका अंत्यविधी साहित्याच्या दुकानाचं प्रकरण

मी हिशोबाची आणि टॅक्सची कामं करतो. धुळे-जळगावच्या मधल्या पट्ट्यातली छोटी दुकानं, वखारी, कृषी केंद्रं असे माझे क्लायंट आहेत आणि त्यातलंच एक दुकान आहे मयताच्या सामानाचं. तिरडीचा बांबू, मडकं, कोरं कापड, गोवऱ्या, राळ, तूप, कापूर, हार, सगळं एका जागी. तिसरी पिढी चालवतेय. गावाचं आणि घराचं नाव लिहित नाही, घरच्यांना विचारूनच लिहितोय पण नाव नको असं ठरलंय. तालुक्याचं गाव आहे, कापसाचा भाग आहे, नदी आहे पण वर्षातले बरेच महिने कोरडी असते, एवढं पुरे.

कोविडनंतर या घरात एक वाद उभा राहिला. बापाचं म्हणणं, मयताच्या दिवशी पैशाचं बोलायचं नाही, गंधमुक्ती, म्हणजे मयतानंतर सुतक फिटायचा विधी, झाली की बघू. मुलाचं म्हणणं, गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि बँक काही गंधमुक्तीपर्यंत थांबत नाही. दोघंही खरं बोलत होते. बाहेरच्या लोकांना हा जुन्या-नव्या पिढीचा नेहमीचा वाद वाटला, पण वह्या माझ्याकडे होत्या आणि वह्या बघितल्यावर मला दिसलं ते वेगळंच होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. बांबू आणि मडकं कुठेही मिळतं, या दुकानाचा खरा धंदा म्हणजे तो उधारीचा नियमच आहे, पण तो नियम ज्या व्यवहारावर उभा होता तो व्यवहार गेल्या पन्नासेक वर्षांत खालून हळूहळू सरकत गेला आणि नियम तेवढा तिथल्या तिथे राहिला. हे समजायला आधी घराचा इतिहास बघावा लागतो.

आबांचा काळ

आबा म्हणजे पहिली पिढी. बुरूडकाम करणारं घर. सुपं, टोपल्या, डाल्या, बैलगाडीचे तट्टे, धान्याच्या कणग्या. बांबू नवापूर, डांगकडून यायचा. कुणी गेलं की लोक आबांकडूनच दोन लांब बांबू आणि कामट्या न्यायचे कारण गावात ओला बांबू कायम त्यांच्याकडेच असायचा, आणि तिरडीला ओलाच बांबू लागतो, वाळलेला ऐन खांद्यावर कडकन मोडतो. त्या बांबूचे पैसे त्या दिवशी कुणी देत नव्हतं आणि आबाही मागत नव्हते. यात काही वेगळं होतं असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार, कारण सगळा व्यवहारच तसा होता, शेतकऱ्याला वर्षभर सूप-टोपली द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी-बाजरी आणायची, कुंभाराचं तसंच, न्हाव्याचं तसंच. तिरडीचा बांबू त्याच खात्यात जायचा. आबांनी स्वतःची अशी एकच भर घातली, ती म्हणजे गंधमुक्ती होईपर्यंत त्या घराच्या दारात वसुलीसाठी पाऊल ठेवायचं नाही. आपल्याकडे गंधमुक्तीला सोयरे-धायरे येतात, पगडी बांधली जाते, आणि तिथून ते घर परत देण्याघेण्याला लागतं. तोपर्यंत त्या घराशी व्यवहार करायचा नाही हा आबांचा नियम. कुणी पैसे काढायला खिशात हात घातला तरी म्हणायचे, "पैसास्नं मंग देखू, आते घर जा."

१९७२ च्या दुष्काळात सुगीच झाली नाही. खळं नाही तर धान्य कुठून येणार. आबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले, घरातल्या बायापण गेल्या. जुनी उधारी बरीचशी बुडाली. त्यानंतर सूप-टोपलीचे रोख पैसे घ्यायला लागले पण तिरडीच्या बांबूचं जसं होतं तसंच ठेवलं. घरात आजही हे अभिमानाने सांगतात. माझ्या दृष्टीने इथे एक गोष्ट पहिल्यांदा घडली, बांबू जो आतापर्यंत बाकीच्या मालासोबत एकाच खात्यावर जात होता तो एकटा पडला, म्हणजे त्याच्या उधारीचा भार उचलायला सुगीचं धान्य आता नव्हतं, घराला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागत होता.

मग प्लास्टिक आलं. टोपली गेली, डालं गेलं, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, भाजी-केळीच्या धंद्यात क्रेट आले. राहिलं काय तर सूप, तेही लग्नात झालीच्या विधीला लागतं म्हणून. आणि त्यातही हळूहळू असं व्हायला लागलं की जिथून तिरडीचा बांबू जातो तिथून लग्नाचं सूप कशाला आणायचं, असं म्हणून लोक दुसऱ्या गावाहून आणायला लागले. तोंडावर कुणी बोललं नाही. आबांच्या घरच्यांना ते विक्रीतून कळलं. म्हणजे मयताचं सामान हा धंदा या घराने ठरवून निवडलेला नाही, बाकीचं एकेक करून गेलं आणि हे उरलं.

अमेरिकेतल्या फ्युनरल होमचा, म्हणजे तिथल्या अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानांचा, इतिहास मी यानिमित्ताने वाचला आणि सुरुवात बघून चकित झालो. तिकडेही पुष्कळ ठिकाणी हे काम सुतार आणि फर्निचर बनवणाऱ्यांकडून सुरू झालं, शवपेटी तेच बनवायचे म्हणून हळूहळू बाकीचं पण त्यांच्याकडे आलं. पुढे त्यांच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, लांब मेलेल्या सैनिकांना घरी पाठवायचं म्हणून एम्बामिंग, म्हणजे रसायनं भरून प्रेत टिकवणं, वाढलं आणि त्याचा एक वेगळा व्यवसाय झाला. खाली दुकान आणि वर घर अशी कित्येक घराणी पिढ्यान् पिढ्या हेच करत आलीत. आपल्याकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अग्निडाग देतात त्यामुळे असं होम उभं राहायचं कारण नव्हतं. पण हातात लाकूडकाम म्हणून शवपेटी, हातात बांबूकाम म्हणून तिरडी, ही वाट सारखीच आहे.

जिभाऊंची वही

दुसरी पिढी म्हणजे जिभाऊ. यांनी आबांच्या बांबूचं दुकान केलं. एका मयताला काय काय लागतं ते सगळं एका पोत्यात बांधून द्यायचं ही त्यांची कल्पना, कारण मयत झालेल्या घरातला माणूस पाच दुकानं फिरतो आणि तरी स्मशानात गेल्यावर राळ राहिली, सुतळी राहिली असं होतं.

त्यांच्याकडे एक वही आहे, जाड, कव्हर फाटलेली. कोणत्या समाजात काय लागतं याची. सुवासिनीला हिरवी साडी, चुडा, खण, हळदीकुंकू, कुणाकडे गुलाल, कुणाकडे नारळ जास्त, कुणाकडे चंदन आणि तूप जास्त, कुणाकडे दहन नाही समाधी असते मग मीठ लागतं, मुसलमान घराला कफनाचं कापड, पुरुषाला तीन वस्त्रं बाईला पाच, त्याचं माप. लहान लेकरू गेलं तर काय. गावात समाज पुष्कळ आणि प्रत्येकाची रीत वेगळी, आणि घरातलं जाणतं माणूसच गेलेलं असतं तेव्हा सांगायला कोणी नसतं. मुलं पुण्यात, सुरतेत राहिलेली, त्यांना मडक्याला भोक कितव्या फेरीला पाडायचं हेही माहीत नसतं आणि ते विचारायची लाज वाटते. जिभाऊ न विचारता सांगतात, हळू आवाजात, बाजूला घेऊन. तिरडी बांधायला कोणी नसेल तर स्वतः जाऊन बांधून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बायांच्या बाबतीत हे काम काकू करतात, म्हणजे जिभाऊंच्या मिसेस. आधी त्यांच्या सासूबाई करायच्या. बाईमाणूस गेलं तर आंघोळ घालणं, साडी नेसवणं, चुडा भरणं, हे घरातल्या बायांनी करायचं असतं पण आता दोन-तीन बायांचं घर असतं आणि त्या रडून बेजार झालेल्या असतात, मग काकूंना बोलावतात. काकूंचं नाव दुकानाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. मी हिशोब हातात घेतला तेव्हा ही गोष्ट मला फार लागली, कारण दुकानाला जी पत आहे त्यातली निम्मी तरी या बाईच्या कामातून आलीय असं मला वाटतं.

जिभाऊंचं अजून एक काम सांगायलाच पाहिजे. विहिरीत पडून, फवारणीच्या औषधाने, गळफासाने, सर्पदंशाने, शॉक लागून कुणी गेलं आणि घरचे घाईघाईत सामान न्यायला आले तर जिभाऊ सामान देत नाहीत. आधी पोलीस पाटलाला कळवा, पंचनामा होऊ द्या, पीएम होऊ द्या, मग या, मी रात्री बारालाही उघडतो. लोक चिडतात. पोस्टमार्टेम म्हणजे चिरफाड, मेल्यावर हाल कशाला, असं वाटतं सगळ्यांना. पण कापसाच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. शेतकरी आत्महत्येची १ लाखाची सरकारी मदत असो की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख असोत, पंचनामा आणि पीएम रिपोर्ट नसेल तर फाईल पुढे सरकत नाही, आणि मागे राहिलेल्या बाईला नंतर तहसीलच्या चकरा मारून काहीच हाती लागत नाही. शिवाय अशा मृत्यूत पोलिसांना न कळवता दहन केलं तर घरच्यांवरच बालंट येतं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, एका विधवेचं नुकसान समोर बघितलं तेव्हापासून सुरू केलं म्हणतात.

तसंच मृत्यूच्या दाखल्याचं. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरकडून ४ ए फॉर्म, दवाखान्यात झाला असेल तर ४ नंबरचा फॉर्म, आणि नोंद २१ दिवसांत. २१ नंतर लेट फी, ३० दिवसांपुढे परवानगी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. पोत्यात सामानाच्या वर एक चिठ्ठी असते, त्यावर हे लिहिलेलं असतं, आणि आधार कार्डावरचं नाव नि सातबाऱ्यावरचं नाव बघून घ्या असंही. वारस नोंदीला किती घरं या नावाच्या फरकाने अडकतात ते मी रोज बघतो त्यामुळे या चिठ्ठीचं मला मोल वाटतं.

सुरतेची गाडी

खान्देशातून सुरतेला गेलेली माणसं किती आहेत हे इथल्या वाचकाला सांगायला नको. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपली गावंच्या गावं आहेत. कुणी तिकडे गेलं की अनेक घरं माणसाला गावीच आणतात. रात्री फोन येतो, जिभाऊ उचलतात आणि एवढंच विचारतात, "कोन गयं?" मग पुढचे फोन सुरू होतात, गाडीने नवापूर सोडलं, विसरवाडी, कोंडाईबारी घाट चढली, दहिवेल, साक्री. त्या हिशोबाने इकडे लाकूड रचायचं, न्हाव्याला निरोप, मुलीकडच्यांना निरोप. गाडी आल्यावर घरी जास्त वेळ ठेवता येत नाही, विशेषतः मे महिन्यात, आपल्याकडे ४४-४५ डिग्री असतं तेव्हा.

आधी बर्फाच्या लाद्या आणायचे आणि त्या वितळू नयेत म्हणून लाकडाचा भुसा. पुण्याहून मुलगा यायचा असला की ही धावपळ. नंतर जिभाऊंनी फ्रीजरची पेटी घेतली, सेकंड हँड. ती घेतली त्या काळात लोडशेडिंग भयंकर होतं, आठ-दहा तास लाईट नाही, म्हणून जनरेटर घ्यावा लागला, म्हणजे जनरेटरला डिझेल आलं. वह्यांमध्ये मला इथे पहिल्यांदा रोख खर्चाचा कॉलम वाढलेला दिसतो. बांबूवाला ओळखीचा, तो तीन महिने थांबायचा. कुंभार तर शेजारचाच, वर्षाचा हिशोब आखाजीला व्हायचा. वखारवाला पण थांबायचा. डिझेल पंपावर कोण थांबणार.

आखाजीचं इथे सांगून घेतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आपल्याकडे पितरांची घागर भरायचा दिवस. वर्षभरात ज्या घरात मयत झालंय त्या घरी तर नवी घागर हवीच, त्यावर डेरगं म्हणजे छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोरी. एरवी या दुकानासमोरून जाताना लोक पलीकडच्या बाजूने जातात, लेकरांना तिकडे बघू देत नाहीत, पण आखाजीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. घागरी कुंभाराच्या, विकायच्या यांनी. आणि त्याच दिवशी मागची उधारी सर्वात जास्त येते. लोक स्वतःहून देतात. घागर घेताना आठवतं ना, की ज्याच्यासाठी ही घागर आहे त्याच्या तिरडीचे पैसे राहिलेत. पितराच्या अंगावर उधारी ठेवायची नाही ही भावना आहे. जिभाऊंनी वसुलीसाठी कधी माणूस ठेवला नाही, लागलाच नाही.

कोविड

याचं सगळं सांगत बसत नाही, सगळ्यांनी भोगलंय. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, खांदा द्यायला सख्खे पुढे येत नव्हते, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर दिवसातून कितीही फोन. लाकडाचे भाव वाढले. जिभाऊंनी पोत्याचा भाव वाढवला नाही, लाकडाचा जो भाव वखारीत असेल तोच चिठ्ठीवर लिहिला. गाड्या बंद म्हणून लोकांना प्रकाशाला, चांगदेवला, नाशिकला अस्थी न्यायला जमत नव्हतं, मग अस्थींची मडकी दुकानामागच्या खोलीत नाव-तारीख लिहून ठेवली, काकू तिथे रोज दिवा लावायच्या. एकही मडकं बेवारस गेलं नाही, हे लिहिताना मला खरंच भरून येतंय.

त्या दोन वर्षांत उधारी प्रचंड चढली. कारण असं की गंधमुक्ती झाल्याच नाहीत नीट. चार माणसांत दहावा उरकला, पगडी नाही, पंगत नाही, सोयरे नाहीत. मग "गंधमुक्तीनंतर" म्हणजे नेमकं कधी? ज्या दिवसावर सगळी वसुली टेकलेली होती तो दिवसच लोकांच्या आयुष्यातून गायब झाला. काही घरांत तर कमावता माणूसच गेला होता, तिथले पैसे जिभाऊंनी वहीतून खोडून टाकले. बाकीच्यांचे येतील म्हणून थांबले.

वाद

धाकला मुलगा तोपर्यंत दुकानात आला होता. सुरतेत नोकरीला होता, लॉकडाऊनमध्ये परत आला आणि इथेच राहिला. त्याने बघितलं की सुरतेहून, नाशिकहून मयत आणायला लोक अँब्युलन्सला वाट्टेल ते पैसे देतात, रात्रीच्या वेळी अडलेल्या माणसाला ड्रायव्हर तोंडाला येईल तो आकडा सांगतो. म्हणून त्याने कर्ज काढून गाडी घेतली, आत स्ट्रेचर, पेटी बसेल अशी जागा. भाव किलोमीटरवर, आणि तो गाडीवरच लिहिलेला. हे काम त्याने फार चांगलं केलं.

पण पुढे त्याने पॅकेज केलं. साधं, मध्यम, संपूर्ण. संपूर्णमध्ये गाडी, पेटी, फुलांनी सजवलेली तिरडी, मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, दहाव्याला नदीवर पाण्याचा टँकर. हे चालेल असं मलाही वाटत होतं, शहरात अशा कंपन्या आहेत आणि त्या चालतात. इथे काय झालं बघा. एकाच गल्लीत महिन्याभरात दोन मयत झाली. एका घरी मुलं पुण्यात चांगल्या नोकरीला, त्यांनी संपूर्ण घेतलं. दुसऱ्या घरी हातावरचं पोट, त्यांनी साधं घेतलं. आणि त्या दुसऱ्या घरातला मुलगा दुकानात येऊन गेला तो भांडायला नाही, नुसता बसला आणि म्हणाला, माझ्या बापाचं साधं झालं ना भाऊ. सामान दोन्हीकडे तेच होतं! तोच बांबू, तीच राळ, तेवढंच तूप. पण नावात "साधं" आलं आणि त्या पोराच्या मनात ते कायमचं बसलं. त्यानंतर असं दिसलं की परवडत नसलेली माणसंही मध्यम घेताहेत, संपूर्ण घेताहेत, उधारीवर. पॅकेज लोकांना वर ढकलतं, मयताच्या दिवशी तर जास्तच, कारण त्या दिवशी बापावर पैसे वाचवले असं कुणालाच दिसू द्यायचं नसतं.

जिभाऊ तेव्हा खूप बोलले मुलाला. आबांनी बांबू सगळ्यांना एक ठेवला, आमदाराला तोच आणि सालदाराला तोच. मुलगा म्हणाला, आबांना हप्ता नव्हता बाबा.

त्यात जुलै २०२२ ला अजून एक घोळ. व्हॉट्सअॅपवर फिरलं की अंत्यसंस्कारावर १८ टक्के जीएसटी लागला. लोक दुकानात येऊन विचारायला लागले, मेल्यावर पण टॅक्स का, आणि बिलात १८ टक्के घेतले का. खरं असं होतं की स्मशानभूमीच्या बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टवरचा दर १२ चा १८ झाला होता. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवगृह आणि मयताची वाहतूक या सेवा सीजीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच आहेत, म्हणजे जीएसटीच्या बाहेर. मी एक कागद लिहून दुकानात लावून दिला. पण त्या निमित्ताने कळलं की पॅकेजमुळे लोकांना कशाचे किती पैसे गेले हेच कळत नव्हतं, म्हणून संशय यायला जागा झाली होती. जिभाऊंच्या पोत्यावर चिठ्ठी होती, पॅकेजवर फक्त एक आकडा होता.

अमेरिकेत याच कारणाने १९८४ मध्ये फ्युनरल रूल आला, त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनचा. प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव लेखी द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा, आणि नको असलेली गोष्ट गळ्यात मारायची नाही. दुःखातला माणूस घासाघीस करू शकत नाही म्हणून कायदा करावा लागला. हे मी जिभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, मग आपली चिठ्ठी तीच आहे की.

आम्ही काय बसवलं

दोन-तीन बैठका झाल्या, घरातच, आणि यावेळी काकू पण बसल्या. मी वह्यांमधून एकच गोष्ट काढून दाखवली. दुकानाचा माल दोन प्रकारचा आहे. बांबू, मडकी, गोवऱ्या, कापड, लाकूड, हे ज्यांच्याकडून येतं ते आजही थांबतात, कुणी महिना कुणी आखाजीपर्यंत. त्यावर उधारीचा नियम चालू शकतो, कारण मागची साखळी पण उधारीचीच आहे. गाडी, डिझेल, पेटीची लाईट, ड्रायव्हर, हे सगळं रोख. त्यावर आबांचा नियम लावला तर घर कर्जात जातं आणि मग नियमही जातो. कापूस विकून पैसे येतात दिवाळीनंतर, हप्ता दर महिन्याला, हा मेळ बसतच नाही. आबांच्या काळात मागची आणि पुढची दोन्ही उधारी सुगीला एकदम मिटायची, आता एक बाजू बँकेची झाली.

तर पॅकेज बंद केलं. तिन्ही नावं पुसली. एक बोर्ड लावला, त्यावर प्रत्येक वस्तूचा भाव, गाडीचा किलोमीटरचा भाव, पेटीचं दिवसाचं भाडं. पोतं सगळ्यांना एकच आणि ते गंधमुक्तीनंतर. गाडीचं डिझेल त्याच वेळी, गाडीचं भाडं नंतर दिलं तरी चालेल. जिभाऊ या डिझेलवर पण अडून बसले होते, एखाद्याकडे डिझेलचे पण नसले तर काय, सुरतेत पोराचं मयत अडकलंय आणि आपण इथे पैसे मोजायचे? यावर मार्ग काकूंनी काढला. आखाजीला घागरींच्या विक्रीतून जे सुटतं ते वेगळं ठेवायचं आणि अशा घरांचं डिझेल त्यातून भरायचं. घागर पितरांच्या नावाने विकली जाते, तो पैसा मयतालाच लागला तर चांगलं, असं त्या म्हणाल्या. मला सुचलं नसतं.

काकूंचं नाव आता भागीदारीत आहे, डीड मीच केलं. वही मुलाने फोनमध्ये उतरवून घेतली, पानापानाचे फोटो आणि शेजारी टाईप करून, पण समोर कुणी बसलेलं असताना फोन बघायचा नाही, तोंडपाठ पाहिजे, असा जिभाऊंचा आग्रह आहे आणि पोरगा तो पाळतो.

अडचणी आहेतच. मुलाच्या लग्नाचं जमत नाहीये, स्थळं येतात, दुकान कशाचं आहे कळलं की निरोप येत नाही. एकदा मुलगीवाल्यांनी सांगितलं, धंदा बदलला तर विचार करू. ज्या गावाच्या तोरणदारी यांना कुणी बोलावत नाही त्याच गावाच्या मरणदारी हे सगळ्यात आधी पोचतात, आणि याचा मला राग येतो, लिहून ठेवतो. काकूंचे गुडघे गेलेत, बायांच्या कामाला पुढे कोण हा प्रश्न आहेच, शेजारची एक विधवा बाई त्यांच्यासोबत जायला लागलीय पण तिच्या घरच्यांची नाराजी आहे.

मुलाला आता दुसरी गाडी घ्यायची आहे, फक्त सुरत लाईनसाठी. मी त्याला सांगितलंय की पहिल्या गाडीचं कर्ज फिटेपर्यंत थांब, आणि या आखाजीला घागरींचे किती सुटतात नि त्यातून किती घरांचं डिझेल गेलं ते बघू. जिभाऊंचं मत विचारलं तर ते म्हणाले गाडी घ्या पण भाड्याचा आकडा ठरवताना मला बसवा. आखाजी झाली की वह्या घेऊन दोघं येणार आहेत.